कात्रीखाली गेलेली ओळ

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि एकतीस वर्षं प्रत्येक परीक्षेच्या आधी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : प्रश्न नीट वाचा. त्याखाली दोन रेघा ओढायचे, खडू मोडेपर्यंत. आणि मग निवृत्त होऊन, एकसष्ट पूर्ण झाल्यावर, मी सुडोकू सोडवायला बसले आणि तीन महिने नियम न वाचता सोडवत राहिले. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

बरं, नियम छापलेला नव्हता असंही नाही. तो रोज छापून येत होता आणि मी रोज तो स्वतःच्या हाताने कापून रद्दीत टाकत होते.

त्याचं असं आहे की मला कात्रणांची खोड. लोणच्यांच्या कृती, भरतकामाचे नमुने, शब्दकोडी, सगळं कापायचं आणि दोनशे पानी वहीत खळीने चिकटवायचं. वहीला खाकी कव्हर, कव्हरवर लेबल. सुडोकू पुरवणीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात यायचं. भोवती जाड काळी चौकट, आणि चौकटीखाली मुंगीच्या अक्षरात एक ओळ. मी भरतकामाची बारीक कात्री घेऊन बरोब्बर काळ्या रेघेवरून कापायची. एक दोरासुद्धा इकडेतिकडे नाही. खालची ओळ उरलेल्या कागदाबरोबर रद्दीच्या ढिगात. त्या कात्रणाच्या कडा पाहून मला स्वतःचं कोण कौतुक वाटायचं!

नियम मला आमच्या बागेतल्या कट्ट्यावर तोंडी मिळाला होता. आमच्या म्हणजे डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. शेजारची एक बाई सांगत होती, "आडव्या ओळीत एक ते नऊ, उभ्या ओळीत एक ते नऊ, एकही आकडा दोनदा नाही, आणि..." तिच्या त्या 'आणि'वर मी म्हणाले, "कळलं, कळलं. अहो, मी गणिताची आहे." बिचारी गप्प बसली. त्या 'आणि'च्या पुढे जे होतं, त्याने पुढे माझे तीन महिने खाल्ले.

ज्यांनी हे कोडं कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. नऊ ओळी, नऊ रकाने, एक्याऐंशी कप्पे. काही कप्प्यांत आकडे आधीच छापलेले, बाकीचे आपण भरायचे. आत दोन जाड रेघा उभ्या आणि दोन आडव्या असतात, त्यामुळे मोठ्या चौकटीचे नऊ लहान चौकोन पडतात. प्रत्येक लहान चौकोनातही एक ते नऊ आकडे एकेकदाच यायला हवेत. हा तिसरा नियम. तो नसेल तर सुडोकूच नाही. मला त्या जाड रेघा दिसत होत्या, नाही असं नाही. मी समजत होते की डोळ्यांना सोपं जावं म्हणून आखल्यात, वहीत समास आखतो तशा.

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती एकसष्टची बाई मला हल्ली पोरगीच वाटते, तीही जरा शिष्ट. पण तिची भीती आठवली की तिला फार चिडवावंसं वाटत नाही. थोडंसं चिडवते.

पहिल्या दिवशी तासाभरात कोडं भरलं. आडवं तपासलं, बरोबर. उभं तपासलं, बरोबर. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तर आलं, तर निम्मे आकडे जुळले आणि निम्मे नाहीत. मी पेपरवाल्यांना नावं ठेवली. दुसऱ्या कोड्याचं तेच. तिसऱ्याचंही तेच. चौथ्या दिवशी मी शांतपणे बसले आणि छापलेलं उत्तर तपासलं. आडवं बरोबर, उभं बरोबर. माझंही आडवं बरोबर, उभं बरोबर. आणि कट्ट्यावर सगळे सांगत होते की सुडोकूला उत्तर एकच असतं.

मग चूक कुठे होती?

सगळं जुळलं नसतं तर मी म्हटलं असतं, आपल्याला हे जमत नाही. सोडून दिलं असतं, विणकाम घेतलं असतं. पण निम्मं जुळत होतं. म्हणजे मी निम्मं बरोबर करत होते, मग मध्येच कुठेतरी घसरत होते, आणि ते घसरणं मला दिसत नव्हतं. दोनदा तपासलं तरी नाही. लाल पेनाने, मुलांच्या वह्या तपासायचे तसं तपासलं, तरी नाही.

माझ्या आईचं असंच झालं होतं. शेवटची चार वर्षं ती सकाळी कणीक मळायची, झाकून ठेवायची, अंघोळीला जायची आणि परत येऊन पुन्हा परात घ्यायची. एकेका सकाळी चार-चार गोळे. "आई, झालीये कणीक," म्हटलं की माझ्याकडे असं बघायची जणू मीच खोटं बोलतेय. तिच्या हिशेबाने तिचं सगळं बरोबर होतं. तिने तपासलेलं असायचं. सुरुवात झाली तेव्हा ती बासष्टची होती.

मी एकसष्ट पूर्ण.

त्या दिवसापासून मी सुडोकू सोडवणं बंद केलं आणि सुडोकूने माझी परीक्षा घेणं सुरू झालं. रोज सकाळी पेपर आला की घडी न मोडता बाजूला ठेवायची. आधी कालचं उत्तर बघायचं धाडस होईना. चहा दोनदा गरम करायची. मग उत्तर काढायचं, वही काढायची आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक कप्पा जुळवत जायचं. सातव्या-आठव्या कप्प्याला टोक थांबायचं. वहीच्या कोपऱ्यात मी चुकलेल्या कप्प्यांची संख्या लिहून ठेवू लागले. कधी चाळीस, कधी पंचेचाळीस. सदतीस आले की दिवस बरा जायचा.

बाकीच्या चाचण्याही सुरू झाल्या. भांडी घासताना एकोणीसचा पाढा उलटा. शाळेतल्या जुन्या हजेरीपटावरची नावं क्रमाने. कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर, कुलूप ओढून बघायला. गॅस बंद केल्यावर बटणावर हात ठेवून मोठ्याने म्हणायची, "बंद केला." शेजारणीला वाटलं मी कुणाशी तरी भांडतेय. घरात मी एकटीच होते. मिस्टर जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ते असते तर म्हणाले असते, "दाखव बघू काय करतेस ते," आणि दोन मिनिटांत माझं सगळं नाटक संपलं असतं. मी मात्र कुणालाही दाखवलं नाही. डॉक्टरकडे गेले नाही. डॉक्टरने 'हो' म्हटलं तर? वही कपाटात, साड्यांच्या खाली. गणिताच्या बाईंना सुडोकू येत नाही, हे आधी लाजेचं होतं. मग त्याची लाज गेली आणि धाकच उरला.

हे सगळं माझं माझ्यापाशी राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ठाण्याला, बाळकुमला, माझा मुलगा आणि सून राहत होते, आणि त्यांची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. सून एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची. सहा महिन्यांची रजा घेतली होती तिने, आणि ती संपली की मी तिकडे राहायला जायचं आणि नातीला सांभाळायचं, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं. मीच ठरवलं होतं. "पाळणाघर कशाला? मी काय मेलेय का?" असं मीच म्हणाले होते, भर डोहाळजेवणात, सगळ्यांसमोर.

सुनेचा फोन आला. "आई, एक तारखेला जॉईन व्हायचंय मला. तुम्ही पंचवीसपर्यंत याल ना? म्हणजे चार-पाच दिवस ती तुमच्या अंगावर रुळेल."

माझ्यासमोर वही उघडी होती. कोपऱ्यात लिहिलं होतं, सेहेचाळीस.

मला दिसलं ते असं : मी बाळाला दूध पाजलंय, बाटली धुऊन ठेवलीये, अंघोळीला गेलेय आणि परत येऊन पुन्हा बाटली घेतलीये. किंवा बादलीत गरम पाणी काढलंय आणि गार पाणी घातलं असं समजून... पुढचं मी मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

"मला बाई जमेलसं वाटत नाही गं," मी म्हणाले. "कट्ट्यावर आमचा भजनाचा क्लास सुरू झालाय."

भजनाचा क्लास! मी आयुष्यात एक सूर धड लावलेला नाही. शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायचे.

पलीकडून सून म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. ती चिडली असती, टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या 'बरं'ला कुठेच धरता येईना.

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, तूच म्हणालेलीस ना? आम्ही कुणाला विचारलंच नाही त्यामुळे. आता इथली दोन्ही पाळणाघरं फुल आहेत. आणि ती म्हणतेय एवढ्या लहान बाळाला अनोळखी बाईकडे नाही ठेवणार. सोमवारी राजीनाम्याचा मेल करतेय ती."

"राजीनामा?"

"मग काय करणार? तुझा भजनाचा क्लास बदलता येत नाही ना."

मुलगा असं बोलला की कळावं, दुखलंय. मी 'नाही येत' म्हणाले आणि फोन ठेवला. सुनेने ती नोकरी कशी मिळवली होती ते मला माहीत होतं. लग्नानंतर दोन वर्षं अभ्यास करून परीक्षा दिली होती, तीही माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून पाठांतर करत. आणि मी ती तिच्या हातून काढून घेत होते, कारणही न सांगता. कारण सांगितलं असतं तर तिने मला बाळाजवळ कधीच एकटं सोडलं नसतं. माझी खात्री होती. मी तिच्या जागी असते तर नसतंच सोडलं.

त्याच आठवड्यात कल्याणहून बोलावणं आलं. माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांची लेक नाशिकला, तिला रजा नव्हती. दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घालायला माणूस हवं. मला 'नाही' म्हणायला काही सुचलंच नाही, भजनाचा क्लास वापरून झाला होता. गेले.

दोन बाटल्या होत्या. आधी पांढऱ्या बुचाची, मग पाच मिनिटं थांबून हिरव्या बुचाची. मी तक्ता आखला, वेळा लिहिल्या, थेंब घातला की बरोबरची खूण. शनिवारी चारच्या सुमारास तक्त्यात खूण दिसली, पण थेंब घातल्याचं काही केल्या आठवेना. मी आधी खूण केली होती का? थेंब घालायचाच राहिला का? पुन्हा घातला तर दोनदा होईल. हातात बाटली घेऊन मी पलंगाशी उभी.

"काय झालं गं?" वहिनी काळ्या चष्म्याआडून म्हणाल्या.

"वहिनी, पांढऱ्या बुचाचा घातला का मी?"

"घातलास की. अजून चुरचुरतंय. हिरवा आण आता, आणि अशी भुतासारखी उभी राहू नकोस."

मी हिरवा घातला. पहिला थेंब त्यांच्या कानात गेला.

रविवारी दुपारी जेवणं झाली. वहिनींना वाचायला बंदी, टीव्हीला बंदी. त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. "तेवढं सुडोकू वाच मला. चार दिवस झाले, डोकं गंजलंय."

 "तुम्ही सुडोकू सोडवता?"

"सातवी पास बाईने सोडवू नये असा कायदा आहे का? वाच. आकडे सांग, मी डोक्यात बसवते. लिहायचं काम तुझं."

आता आपलं पितळ उघडं पडणार, हे मला समजलं. पण थेंबासाठी आलेल्या बाईला पळून जाता येत नाही. मी वाचायला सुरुवात केली. "पहिली ओळ. रिकामं, रिकामं, सात, रिकामं..."

"थांब, थांब. असं लांबच्या लांब नको. पहिली खोली सांग."

"खोली?"

"वरची, डावीकडची खोली."

"ओळ म्हणायचंय का तुम्हाला?"

"ओळीला मी खोली कशाला म्हणेन? डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या, डोक्याचं नाही. जाड रेघांच्या आतली खोली गं. तीन आडवे, तीन उभे. त्यात काय काय आहे?"

मी त्या रेघांकडे बघत राहिले. मग विचारलं, आणि हे विचारताना माझा आवाज पाचवीतल्या मुलीसारखा झाला होता, "वहिनी, त्या जाड रेघा कशाला असतात?"

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. एक डोळा लाल, एक पांढरा, दोन्ही माझ्यावर. "तू मला विचारतेस? अगं, खाली लिहिलंय ना. वाच."

पेपर अख्खा होता. कात्री लागलेली नव्हती. चौकटीखाली मुंगीच्या अक्षरातली ओळ होती. मी वर्गात वाचायचे त्या आवाजात वाचायला लागले : प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत, आणि प्रत्येक लहान चौकोनात... तिसऱ्या 'प्रत्येक'ला मी थांबले.

पुढची दहा मिनिटं मी रडत होते. वहिनींना आधी वाटलं कुणी गेलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. वही, साड्यांखालची. सेहेचाळीस. आईची कणीक. भजनाचा क्लास. सोमवार. भजनाच्या क्लासला त्या हसायला लागल्या आणि मग त्यांनाच आठवलं की हसायला बंदी आहे, डोळ्यावर ताण येतो. त्या डोळा धरून हसत होत्या आणि मी ओरडत होते, "वहिनी, हसू नका, टाके जातील!"

"टाके नसतात आता. कुठल्या काळात आहेस?" मग त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. "आणि त्या पोरीला तू हे काही सांगितलं नाहीस?"

"नाही."

"फोन लाव."

"नाही वहिनी. आत्ता नाही." मला खरंच धीर नव्हता. नियम कळला म्हणजे डोकं ठीक आहे, असं कुठे सिद्ध होतं? आधी नियम न कळता चुकत होते, आता नियम कळूनही चुकले तर? "हे एक मला सोडवू द्या. पूर्ण, एकटीने. उद्याच्या पेपरात उत्तर जुळलं तर फोन करते. नाही जुळलं तर तिने मेल केलेलाच बरा."

वहिनी उशीला टेकल्या. "बरं. मी सांगणार नाही. फक्त कसं बघायचं ते सांगते. बघशील तू."

वहिनींची तऱ्हा वेगळी होती. कल्याणच्या जुन्या चाळीत त्यांचा संसार दोन खोल्यांत झाला, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला वीस-पंचवीस माणसं तिथे झोपवायची व्यवस्था त्यांनी केली. घोरणारे मामा बाळंतिणीच्या भिंतीला नकोत. दोन भांडलेल्या आत्या एका ओळीत नकोत. सासऱ्यांच्या खोलीत नवी सून नको. त्या म्हणायच्या, सुडोकू मला कुणी शिकवलंच नाही, ते मी गाद्या घालत शिकले.

"सात शोध. वरच्या तीन खोल्यांत सात कुठे कुठे आहे?"

"पहिल्या खोलीत वरच्या ओळीत. दुसऱ्या खोलीत खालच्या ओळीत."

"मग तिसऱ्या खोलीत सातला वरची ओळ बंद, खालची ओळ बंद. राहिली मधली. मधल्या ओळीत त्या खोलीचे कप्पे किती?"

"तीन. एकात चार छापलाय."

"दोन उरले. आता त्या दोघांच्या उभ्या ओळी खालपर्यंत बघ."

डावीकडच्या कप्प्याच्या उभ्या ओळीत, अगदी तळाशी, सात होता. म्हणजे जागा एकच. मी सात लिहिला. एवढं साधं! तीन महिने मी आकड्यांना मागून ढकलत होते, आणि इथे आकडा स्वतः चालत येऊन बसला.

"असं एकेका आकड्याला धरून सगळं घर फिरायचं," वहिनी म्हणाल्या. "थकलीस की उलटं कर. एखादा अडचणीतला कप्पा धर. त्याची आडवी ओळ बघ, उभी बघ, खोली बघ. आठ जणांना तिथे बंदी निघाली तर नववा कोण ते विचारायला नको."

पाऊण तास सुरळीत गेलं. मग सगळं अडलं. एका कप्प्यात दोन किंवा सहा येत होता. मी जुन्या सवयीने सहा ठोकून दिला आणि पुढे निघाले. आठ-दहा कप्प्यांनंतर मधल्या खोलीत सहा दोनदा आला.  तेच, तेच पुन्हा. घसरले, आणि घसरताना कळलं नाही.

"वहिनी, गेलं सगळं."

"अंदाजाने घातलास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पेन्सिल थांबली नाही तुझी तिथे. ऐकतेय मी. खोड. जिथून अंदाज सुरू झाला तिथपर्यंत खोड. आणि खात्री नसली की कप्प्यात बारीक लिहून ठेवायचं, कोपऱ्यात, कोण कोण येऊ शकतं ते."

मी खोडलं. पण कुठून खोडायचं ते मला आठवत होतं. सहा कुठे घातला, त्यानंतर कोणता, मग कोणता, उलट्या क्रमाने सगळे दहाच्या दहा. हे खोडताना लक्षात आलं आणि मी क्षणभर खोडरबर हातात धरून बसले. वहिनींना काही बोलले नाही. उगाच दृष्ट लागायची.

मग कोपऱ्यांत बारीक आकडे लिहिले. सगळ्या खोल्या गजबजल्या. आणि मधल्या खोलीत दोन कप्पे असे निघाले की दोघांतही फक्त दोन आणि सहा.

"वहिनी, इथे दोघं आहेत. दोघांनाही दोन नाहीतर सहा. पण कोण कुठे ते कळत नाही."

"कळायला कशाला हवं? ती दोन माणसं त्या दोन गाद्यांवर झोपणार, हे नक्की ना? कोण कुठल्या कुशीवर ते त्यांचं ते बघतील. बाकीच्यांनी त्या गाद्यांवर डोळा ठेवायचा नाही. त्या खोलीतल्या इतर कप्प्यांतून दोन आणि सहा पूस."

पुसले. एका कप्प्यात उरला एकटा नऊ. तिथून वाट उघडली. साडेपाचला एक्याऐंशी कप्पे भरले. आडवं तपासलं, उभं तपासलं, नऊ खोल्या तपासल्या. सहाचे थेंब घातले, दोन्ही बाटल्यांचे, आणि खूण नंतर केली.

"झालं की! लाव फोन," वहिनी म्हणाल्या. "तिन्हीकडून बरोबर आहे म्हणजे बरोबर आहे. उद्याचा पेपर काय वेगळं सांगणार?"

"नाही. मी आजवर रोज तपासलंच होतं ना? तेव्हाही बरोबरच दिसत होतं."



सोमवारी सकाळी पेपर उशिरा आला. सात वाजले, साडेसात वाजले. सुनेचं ऑफिस नऊला उघडतं, हे मी मनात धरून बसले होते. जिन्यात चप्पल वाजली की मी दारात. पावणेआठला पेपर कडीत अडकला आणि मी तो ओढताना पुरवणी फाटली, नेमकी तिरकी, उत्तराच्या मधून. दोन तुकडे जमिनीवर जुळवून मांडले, बाजूला कालचं कोडं, आणि गुडघ्यांवर बसून पेन्सिलीचं टोक फिरवायला लागले. सातवा कप्पा गेला. आठवा गेला. पहिली ओळ गेली. वहिनी पलंगावरून विचारत होत्या, "काय गं? काय झालं? बोल ना बाई." मी पुढचा कप्पा जुळवत होते. फाटलेल्या रेघेवर एक आकडा अर्धा होता, तो पाच आहे की सहा ते कळेना, आणि मी कागद खिडकीशी धरून तो पाच होईपर्यंत बघितला. शेवटचा कप्पा जुळला तेव्हा गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या.

एक्याऐंशी.

एवढ्यावरून आपण आयुष्यभरासाठी सुटलो, असं तेव्हाही वाटलं नाही, आणि आज तर मुळीच वाटत नाही. आजही चावी एका जागी ठेवते आणि दुसरीकडे शोधते, आणि त्या दोन मिनिटांत आईची परात डोळ्यांपुढे येते. नात आता सातवीत आहे. मी सुडोकू घेऊन बसले की ती मागून म्हणते, "आजी, जाड रेघा दिसतायत ना?" कार्टी. पण त्या सकाळी मला दुसरी एक गोष्ट कळली होती. दोनशे पानांची भीती वहीत साठवण्यापेक्षा मी एक ओळ कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला हवी होती. आणि ती ज्यांना दाखवायला हवी होती त्यातली पहिली बाळकुमला होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन लावला. मागे बाळ रडत होतं. सून म्हणाली, "बोला आई," अगदी कोरडं.

"मेल केलास?"

"लिहून ठेवलाय. हिला झोपवते आणि पाठवते."

"पाठवू नकोस. आधी ऐक."

मी सांगितलं. कात्रीपासून कणकेपर्यंत, क्रमाने, काही न गाळता. भजनाचा क्लास नाही हेही. मला आईसारखं होतंय असं वाटलं, आणि बाळाचं काही झालं असतं तर मी जगले नसते, हेही. "एक कोडं सुटलं म्हणून मी ठीक आहे असं म्हणत नाही मी," मी म्हणाले. "हवं तर डॉक्टरला दाखवू. तू चल बरोबर. त्यानंतरही तुला वाटलं की मी बाळाजवळ नको, तर मी एक शब्द बोलणार नाही."

 बाळाचं रडणं थांबलं होतं. मला ते 'बरं' आठवलं आणि मी पलंगाचा कठडा घट्ट धरला. वहिनी चष्मा काढून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडत होती की हसत होती ते मी आजवर विचारलेलं नाही. ती एवढंच म्हणाली :

"आई, पंचवीसची वाट नका बघू, तुमच्या वहिनींचे थेंब संपले की या. डॉक्टरकडे आपण दोघी जाऊ. फक्त एक करा, हिच्या औषधाच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते मी वाचत जाईन, तुम्ही नुसतं पाजा. आणि कात्री डोंबिवलीलाच ठेवून या."